भैरवी आणि मुंबईचा चंद्रोदय

माझ्या लहानपणी आमचं घर दुसऱ्यांच्या सणांवर चालायचं. बाबा लक्ष्मी गेटच्या आतल्या एका लहानशा देवळात पूजा करायचे आणि आई मराठी घरांतून मुंजीचा, बारशाचा, श्राद्धाचा स्वयंपाक करायची. पौष लागला की मुंजी नाहीत, लग्नं नाहीत. मग वरणात पाणी वाढायचं आणि आई म्हणायची, "थंडीत पातळच बरं." आम्ही तीन भावंडं ते ऐकून घ्यायचो. खरं काय ते तिघांनाही ठाऊक होतं.

आमचे पूर्वज पुजारी म्हणून इकडे झाशीला आले, असं बाबा सांगायचे. ज्यांचे पूर्वज कारकून म्हणून आले त्यांची घरं पुढे शिकली, नोकऱ्यांना लागली. आमच्याकडे त्या काळातलं फक्त सोवळं उरलं. बाबा आठवी शिकले होते, आई चौथी.

इथल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. त्याचं सभागृह आहे, आणि दर हिवाळ्यात तिथे महाराष्ट्रातून कोणी गायक-गायिका बोलावून मैफल होते. मैफलीनंतर पंगत. त्या पंगतीचा स्वयंपाक बरीच वर्षं आईकडे होता. मी सात-आठ वर्षांची झाल्यापासून तिच्या हाताखाली होते. त्यामुळे मी लहानपणी पुष्कळ मैफली ऐकल्या आणि एकही पूर्ण ऐकली नाही. स्वयंपाकघर सभागृहाला लागूनच होतं आणि मध्ये एकच दार. पहिला राग सुरू व्हायचा तेव्हा मी मटार सोलत असायची. मध्यंतरात चहा. त्यानंतर पुऱ्या. आणि शेवटी भैरवी सुरू झाली, की सभागृहातलं कोणीतरी उठायचं आणि आमचं दार बाहेरून लोटून घ्यायचं. भांड्यांचा आवाज जायचा ना. दाराच्या अलीकडे फक्त तंबोऱ्याची गुणगुण यायची, तीही कढईच्या आवाजात बुडायची. दार उघडलं की लोक टाळ्या वाजवत असायचे आणि आम्ही पानं वाढायला धावायचो.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा एक गायिका पहिल्यांदा झाशीत आली. कार्यक्रमाआधी ती स्वतः स्वयंपाकघरात आली. आईला म्हणाली, "बाई, जरा गरम पाणी मिळेल?" पाणी तापेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणू लागली. आवाज जाड होता, थोडा खरखरीत. मी भाजी ढवळायची थांबले. आईने माझ्या हातातला डाव हलवून मला भानावर आणलं. पाण्याचा तांब्या घेताना त्या बाई मला म्हणाल्या, "आज माझी भैरवी ऐक हं, मला ती बरी जमते." मी हो म्हटलं. त्या दिवशीही दार लोटलं गेलं.

पुढे त्यांचं गाणं मी कॅसेटवर ऐकलं, नंतर फोनवर ऐकलं. त्यांची भैरवीसुद्धा फोनवर शेकडो वेळा ऐकली असेल. पण त्यांनी मला समोर ऐकायला सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, ते तसंच राहिलं होतं.

मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि आता झाशीजवळच्या मोठ गावातल्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवते. रोज बसने जाते-येते. आई गुडघ्यांमुळे स्वयंपाकाची कामं घेत नाही, आणि मी तिला घेऊही देत नाही. मागच्या वर्षी मी मंडळाची सभासद झाले.

माझी मैत्रीण मला कॉलेजात भेटली. तिचे वडील नागपूरकडून इथल्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, ती कारखान्याच्या कॉलनीत वाढली. तिचं मराठी अर्धं हिंदी आहे. दुसऱ्या वर्षाला असताना बोलता बोलता कळलं, की मंडळाच्या त्या सगळ्या मैफलींना ती असायची. पुढच्या सतरंजीवर, आईच्या मांडीवर.

"म्हणजे भैरवी ऐकल्यास तू," मी म्हटलं.

"अगं कुठल्या! भैरवीला मी पक्की झोपलेली. मम्मी गदगदा हलवून उठवायची, चल, जेवायचं. मला तर फक्त ते मोदक याद आहेत. कोण करायचं गं ते?"

"माझी आई."

ती म्हणाली, "यार, तर मी तुझ्या घरचं किती खाल्लंय!" त्या दिवसापासून आमची मैत्री पक्की झाली.

यंदा मंडळाचं निमंत्रण आलं आणि त्यावर त्याच गायिकेचं नाव होतं. मैत्रिणीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "तू भैरवी ऐक, मी जागी राहून दाखवते." मग तिने निमंत्रण नीट वाचलं आणि तिचा पुन्हा फोन आला. कार्यक्रम नेमका संकष्टीला होता आणि तिची संकष्टी असते. निमंत्रणावर तशी सोयही छापली होती: सहा वाजता गायन, नऊच्या सुमारास भैरवी, चंद्रोदय नऊ वाजून अठरा मिनिटांनी, त्यानंतर उपास सोडणाऱ्यांसाठी उकडीचे मोदक आणि पंगत.

ती चंद्रोदयाची वेळ मी पाहिली आणि मला कळलं की ही चूक आहे. इथल्या मराठी घरांत भिंतीवर महाराष्ट्रातून आलेलं कॅलेंडर असतं. तिथी, वार, सण सगळे त्यावरून. पण त्यातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. झाशी मुंबईच्या बरीच पूर्वेला आणि उत्तरेला आहे, हिवाळ्यात इथे चंद्र चांगला अर्धा तास आधी उगवतो. आई कॅलेंडर बघतच नसे. संकष्टीचा स्वयंपाक असला की ती मला गच्चीवर पाठवायची, "जा, दिसला का बघून ये." मी वरून ओरडले की ती मोदकपात्राखालचा जाळ मोठा करायची. त्यामुळे तिच्या इतक्या वर्षांच्या कामात कोणाला कधी ताटकळावं लागलं नाही, आणि म्हणूनच कॅलेंडर चुकतंय हे मंडळात कोणाला कळलं नाही.

मी सेक्रेटरी काकांना फोन केला. ते बँकेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ आहेत.

"काका, चंद्रोदय नऊ अठराचा नाही. पावणेनऊलाच उगवेल."

"बेटा, कॅलेंडरमध्ये छापलंय."

"ते मुंबईचं आहे."

"अगं, चंद्र काय मुंबईचा वेगळा आणि झाशीचा वेगळा?" ते मनापासून हसले. "शाळेत शिकवतेस तिथे शिकव हे. आणि वेळेवर ये, पुढे जागा ठेवतो."

मी पुढे वाद घातला नाही.

आईला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, "नको. मला तिथे नुसतं बसता येणार नाही." मी आग्रह केला नाही, कारण ते खरं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी थंडी कडक होती. सगळे शाली-स्वेटरांत. आम्ही दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला बसलो. ती जागा मैत्रिणीने निवडली. "इथून किचनचं दार पास आहे," ती म्हणाली. "सकाळपासून दोन केळी आणि चहावर आहे मी. वास तरी येईल." मी त्या दाराकडे पाहिलं. रंग नवा होता, बाकी तेच. आत आता हलवाई असतो, इथलाच. मोदक मंडळातल्या बायकांनी दुपारी वळून ओल्या फडक्याखाली ठेवले होते आणि नऊ वाजता उकडायला लावा, असं हलवायाला सांगून त्या गाणं ऐकायला येऊन बसल्या होत्या.

गायिका आता साठीच्या पुढे होती. केस पांढरे, आवाज आणखी खरखरीत झालेला. वरच्या स्वरावर जाताना ती क्षणभर थांबायची आणि मग जायची. पहिला राग तासभर चालला. मी पहिल्यांदाच पाहत होते की तबलजी मध्ये मध्ये गालात हसतो, आणि गायिका तान घेण्याआधी डाव्या हाताने पदर सारखा करते. आतून ऐकताना हे काही कळायचं नाही. मध्यंतरात चहा आला तेव्हा मी सवयीने उठायला गेले. मैत्रिणीने माझी शाल धरून खाली बसवलं.

"कप उचलायला निघालीस का? बस खाली."

मध्यंतरानंतर दुसरा राग झाला, एक अभंग सुरू झाला. पावणेनऊला आमच्या मागच्या रांगेत कुजबुज झाली. कोणाचीतरी सून बाळाला घेऊन बाहेर चौकात गेली होती, ती परत आली आणि सासूच्या कानात म्हणाली, "आई, चांद तो निकल आया." सासूने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने विचारलं, "कॅलेंडरमध्ये तर नऊ अठरा आहे?" कोणीतरी फोनवर पाहिलं. हळूहळू बायका उठू लागल्या. दिवसभराच्या उपाशी, त्यांना दोष नाही. अभंग संपेपर्यंत अर्धं सभागृह चौकात चंद्राला हात जोडून उभं होतं आणि स्वयंपाकघरातून भांड्यांची एकच घाई ऐकू येत होती.

सेक्रेटरी काका वाकून, खुर्च्यांच्या कडेकडेने माझ्यापाशी आले.

"बेटा, तुझंच खरं निघालं. आता जरा आत ये. पाणी तापलेलं नाही, तो हलवाई म्हणतो मोदक फुटतील, हात लावायला तयार नाही. तुला येतं सगळं. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांत अर्धी भैरवी होऊन गेली असती. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. आमच्या घरातल्या माणसाने भैरवीला आत जायचं असतं, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, त्यांना फक्त सवय होती.

मैत्रीण म्हणाली, "काका, ती ऐकायला आलीय आज."

"अगं, मी कुठे नाही म्हणतो? पण लोक उपाशी आहेत."

"मी पण उपाशीच आहे ना काका. बसलेय की नाही?"

मी काकांना म्हटलं, "पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. चाळणीवर ओलं फडकं, मोदक एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, झाकण घट्ट. पंधरा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. याच्यात न येण्यासारखं काही नाही, त्याला सांगा. मी गाणं संपल्यावर येते."

काका "बरं" म्हणाले आणि गेले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी उठले नाही.

तेवढ्यात मंचावरून गायिकेनेच विचारलं, "काय झालं? मी इतकी वाईट गायले का?"

उरलेले लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं, "बाई, आमच्या चंद्राने घोटाळा केला. लवकर उगवला."

"मग ज्यांचा उपास आहे त्यांनी खुशाल जावं," ती म्हणाली. "मी रागावणार नाही. पण भैरवी म्हटल्याशिवाय मी उठत नाही. तीस असोत नाहीतर तीन."

वीस-बावीस लोक उरले असतील. तंबोरे पुन्हा जुळवले गेले. तिने पहिला स्वर लावला आणि आत एक परात पडली. मागून एका गृहस्थांनी मला खूण केली, दार लावा. दाराशी सगळ्यात जवळ मीच होते.

मी उठले आणि दारापर्यंत गेले. आत हलवायाची बायको पुऱ्या लाटत होती. तिचे हात थांबले होते आणि ती बाहेर बघत होती. मी दाराची कडी धरली होती. तिने हलकेच विचारलं, "बंद कर दूँ, दीदी?"

"नहीं. खुला रहने दो," मी म्हटलं. "बस, बर्तन ज़रा धीरे."

ती मान हलवून हसली. मी जागेवर येऊन बसले. मागच्या गृहस्थांनी जिभेने च्च् असा आवाज केला. मी वळून पाहिलं नाही.

भैरवी अठरा मिनिटं चालली. मी घड्याळ लावलं नव्हतं, मैत्रिणीने लावलं होतं. भुकेमुळे, असं तिने नंतर सांगितलं. एकदा अगदी शांत जागेवर तिच्या पोटातून आवाज आला आणि ती तोंडावर शाल दाबून हसली. पण ती जागी होती आणि उठली नाही. गायिकेचा आवाज एका ठिकाणी फाटला, तिने तीच जागा पुन्हा घेतली आणि दुसऱ्यांदा ती बरोबर लागली. मोदकांच्या वाफेचा वास येत होता. आत कोणीतरी झाकण उघडून पाहिलं, तेही मला ऐकू आलं.

गाणं संपल्यावर मी आत गेले. दोन-चार मोदक फुटले होते, बाकी ठीक होते. मैत्रिणीने चौकात जाऊन चंद्र पाहिला आणि पहिल्या पंगतीला बसून पाच मोदक खाल्ले. मी तिच्या शेजारच्या पानावर बसले. आम्हाला काकांनी वाढलं. मोदक वाढून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळी वेळ तुलाच विचारतो." मैत्रीण मला म्हणाली, "तुझ्या आईचे जास्त चांगले होते." मी म्हटलं, "हो."

निघताना गायिका पायऱ्यांवर भेटली. मी नमस्कार केला. मी कोण, हे तिला आठवण्याचं काही कारण नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. फक्त म्हटलं, "तुमची भैरवी ऐकली."

"पूर्ण?" तिने विचारलं. अर्धी गर्दी उठून गेलेली तिला दिसली होती.

"पूर्ण," मी म्हटलं.

घरी आई जागी होती. तिने विचारलं मोदक कसे झाले, आणि मी सांगितलं. मग तिने विचारलं, शेवटी काय गायली. आईने हे कधी विचारलं नव्हतं, कारण तिला ते सांगू शकेल असं माणूसच घरात नव्हतं. मला गाता येत नाही, पण मी तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आणि मैफल पहिल्या स्वरापासून भैरवीच्या शेवटापर्यंत, सभागृहात बसून, ऐकणारीही मीच पहिली.