मार्थामावशींचा उपवास आणि माझी खिचडी

"तुम्हाला जीबीएस झालाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, किडनीचं काहीतरी असंल. मग त्यांनी समजावलं. गिलियन-बारी सिंड्रोम, म्हणजे रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच चुकून आपल्या नसांवर उलटते. पायापासून सुरू होऊन वर वर अंगातली ताकद कमी होत जाते. बहुतेक लोक बरे होतात, पण हळूहळू.

"आणि हात?" मी विचारलं. मी गारखेड्यात ब्लाउज शिवते. हात गेले तर माझ्याकडं उरलं काय?

"हातांचं आत्ताच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

सुरुवात साधीच होती. मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की मुंग्या यायच्या. मी तेल चोळत बसले. तुम्ही बसू नका. मुंग्या वर चढायला लागल्या की सरळ दवाखाना गाठा.

एनसीव्ही झाली, म्हणजे नसांतून करंट किती वेगानं जातो ते बघायची तपासणी. चटके बसतात, पण सहन होतात. आयव्हीआयजी नावाचं औषध सलाईनसारखं लावलं. नर्स रोज एका श्वासात आकडे म्हणायला लावायची, श्वासाचे स्नायू दमले का ते कळायला. तोंड माझं चांगलं चालायचं. हात मात्र चादरीवर पडलेले, नाकावर माशी बसली तरी हलेनात.

नवरा वाळूजला कंपनीत. त्याची रजा संपली, आता दिवसा माझ्याजवळ कोण? नर्सनं सांगितलं, ज्यांना दिवसा कोणी नाय त्यांच्याजवळ चर्चच्या बायका येऊन बसतात. तशा मार्थामावशी आल्या. साठीच्या, सुती साडी, हातात डबा. वरण-भात भरवायच्या, केस विंचरायच्या, बेडपॅनसुद्धा द्यायच्या. तोंड वाकडं केलं नाय कधी.

माझा स्वभाव चौकस. नवरा भोचक म्हणतो. मी वाटच बघत होते, आज ना उद्या या बायबल काढतील. काढलं नाय. शेवटी मीच विचारलं, "मावशी, तुम्ही प्रार्थना करत नाय का?"

"घरी करते की. इथं तू म्हणलीस तर करीन."

"मग यातून तुम्हाला मिळतं काय?"

त्यांनी पुढचा घास माझ्या तोंडात कोंबला. विषय तिथंच संपला.

एकदा नर्सनं त्यांना केळं दिलं, तर म्हणाल्या, "नको, ईस्टरपर्यंत आमचे उपवास आहेत. दुपारचं काही खात नाय मी."

मला कसंतरीच झालं. बाई उपाशी आणि मी त्यांच्यासमोर ढेकर देतेय! दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडून साबुदाण्याची खिचडी करून आणवली. शेंगदाण्याचं कूट, सैंधव मीठ, सगळं नेमानं. मावशींनी डबा उघडला आणि त्यांना हसू आवरेना.

"अगं, आमच्या उपवासाला साबुदाणा नसतो. एक वेळचं जेवण सोडायचं आणि ते दुसऱ्याला द्यायचं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "म्हणजे मी रोज खाते तो डबा..."

"माझाच. व्हय."

मला रडू आलं आणि रागही. मी तोंड फिरवलं. "मी नाय खात."

"नको खाऊ. मग माझं उपाशी राहणं फुकटच गेलं म्हणायचं."

तोंड परत वळवलं. खाल्लं. पण बजावलं, ईस्टरला उपवास सुटला की माझी खिचडी खायची.

"खाईन, पण तू भरवलीस तर," मावशी म्हणाल्या. मी चादरीवरच्या माझ्या हातांकडं बघितलं आणि त्यांची ती थट्टा मला लई लागली.

पुढं फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे मऊ चेंडू दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. आधी अंगठा हलला. मग बोटं. कंटाळा येतो, चिडचिड होते, पण सोडू नका. मला घरी सोडलं तेव्हा चमचा धरता येत होता, तोंडापर्यंत जात नव्हता.

ईस्टरच्या सकाळी मावशी चर्चमधून थेट आमच्या घरी आल्या, नव्या साडीत. नवऱ्यानं केलेल्या खिचडीचा मी चमचा भरला. हात असा थरथरत होता की अर्धी खिचडी त्यांच्या पदरावर सांडली. उरलेली त्यांनी पुढं वाकून खाल्ली.

"आता तरी सांगा मावशी, काय मिळतं तुम्हाला?"

"खिचडी," त्या चावत चावत म्हणाल्या. "मीठ कमी आहे. दे अजून एक चमचा."

दुसरा चमचा बराचसा तोंडातच गेला.