एडितबाईंची साक्ष

जर्सी सिटीत मुलाकडे राहायला आल्या, तरी शोभाताईंचं मास्तरीणपण काही सुटलं नव्हतं. नागपूरच्या शाळेत उभी हयात उजळणी घेतलेली बाई! सत्यजित सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला गेला, की त्या उंच इमारतीत करायचं काय, भिंतींशी बोलायचं? शेजारच्या एडितबाई भेटल्या म्हणून निभावलं. त्या मूळच्या हंगेरीच्या, ज्यू, अगदी एकट्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

युद्धात, लहान असताना, एडितबाईंना सिस्टर इलोना नावाच्या एका ननने कॉन्व्हेंटमध्ये लपवलं होतं. रोज संध्याकाळी सिस्टर प्रश्न विचारायच्या आणि पोर उत्तरं घोकायची. माझं नाव मारिया. बाबा लढाईवर आहेत. मला कुणी लपवलं नाही. शेवटी शिपाई आलेच. सिस्टरना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "हिनं लपवलं तुला?" पोर म्हणाली, "मी यांना ओळखत नाही." पोर वाचली. सिस्टरना मात्र मेल्यांनी तरीही गोळी घातलीच.

"मरायच्या आधी एकदा खरं सांगायचंय, शोभा," एडितबाई म्हणायच्या आणि रडायच्या.

आता कुठे, दोन हजार सहा साली, सिस्टरना हुतात्मा ठरवायचं का, याची चर्चने चौकशी मांडली होती. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस एडितबाईंखेरीज जगात उरलं नव्हतं. पण चर्चचा कारभार गोगलगायीच्या चालीचा, आणि इकडे एडितबाईंना विसरायला होऊ लागलेलं! आज गॅस चालूच राहिला, उद्या शोभाताईंचंच नाव आठवेना. मग मास्तरीण काय करणार? उजळणी! रोज चहा झाला की प्रश्न.

"तुम्हाला कुणी लपवलं?"

"सिस्टर इलोनानं."

"शाब्बास!"

"आई, त्या काय स्टुडंट आहेत का? सोड ना यार," सत्यजित म्हणायचा. ऐकेल ती आई कसली!

अखेर हिवाळ्यात दोन फादर आले. काळे कोट, गंभीर चेहरे. टेबलापलीकडे बसून त्यांनी टेपरेकॉर्डर लावला. एडितबाई एकदम ताठ झाल्या.

"युद्धात तुम्हाला कुणी लपवलं होतं?"

शोभाताईंचे ओठ आपोआप हलले.

"माझं नाव मारिया," एडितबाई लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या. "बाबा लढाईवर आहेत. मला कुणी लपवलं नाही."

फादरनी सिस्टरचा फोटो पुढे सरकवला.

"मी यांना ओळखत नाही."

"अहो, असं काय करता!" शोभाताई मराठीतच ओरडल्या. फादरनी पुन्हा पुन्हा, अगदी हळुवारपणे विचारलं. उत्तर तेच. साक्षीशिवाय प्रकरण पुढे जाणार नाही, असं सांगून ते उठले.

दार लागलं. शोभाताई टेबलाशी परत आल्या. रोज प्रश्न विचारून विचारून आपणच ती जुनी घोकंपट्टी जागी केली का? देवा, काय करून बसले मी हे!

एडितबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. डोळ्यांत आशा होती.

"मी बरोबर सांगितलं ना? आता सिस्टरना सोडतील ना ते?"

चुकीच्या उत्तराला शोभाताईंनी जन्मात कधी बरोबर म्हटलं नव्हतं.

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "सोडतील हं."