जास्तीचे डबे

माझी वहिनी काय काम करते, हे सांगताना मला आजवर एकदाही धड जमलेलं नाही. "रेल्वेत आहेत का?" नाही. "मग कारखान्यात?" तसंही नाही. समोरचा माणूस मग माझ्याकडे असा बघतो, की घरातली काहीतरी भानगड मीच दडवतोय. तर सरळ सांगतो. ज्या कारखान्यांचा माल रेल्वेने जातो, त्यांच्यासाठी रिकामे डबे मागवणं, ते भरून वेळेवर सोडणं आणि मधे कुठे घोळ होतो ते हुडकून काढणं, हा तिचा धंदा. टायरच्या दुकानावरची एक खोली, दोन फोन आणि भिंतभर लोखंडी फळा. फळ्यावर लोहचुंबकाचे रंगीत तुकडे. एक तुकडा म्हणजे एक डबा. ते ती दिवसभर सरकवत असते. दादा म्हणतो, एवढ्या काळजीने तिने मला कधी पांघरूणसुद्धा घातलं नाही.

आणि मी ट्रकवाला. वहिनीने रुळावर चढवलेलं प्रत्येक पोतं माझ्या ट्रकच्या हातून निसटलेलं असतं. जेवायला मात्र आम्ही एकाच टेबलावर. "भाऊजी, आज तुमचं एक गिऱ्हाईक पळवलं," असं ती भाजी वाढता वाढता सांगते. मी म्हणतो, "वहिनी, भाजीतलं मीठही तूच पळवलंस वाटतं."

नवा कारखाना हाती आला, की पहिल्या दिवशी वहिनी काहीच करत नाही. डोक्यावर टोपी चढवून साइडिंगवर उभी राहते. साइडिंग म्हणजे मुख्य मार्गावरून फुटून कारखान्याच्या आवारात शिरणारा त्यांचा स्वतःचा रूळ. कुठला डबा किती वेळ नुसता उभा आहे, एवढंच ती बघते. "उभा डबा म्हणजे पाहुणा," ती म्हणते. "आला की आनंद, मुक्काम ठोकला की ताप."

सोडा पावडरच्या कारखान्यात तिला दिसलं ते भलतंच होतं. तिथे मालाची रवानगी बघणारे एक साहेब होते. सज्जन, कामाला वाघ, पण स्वभाव धास्तीचा. गरज दहा डब्यांची असली की मागणी वीसची. का, विचारलं तर म्हणायचे, "असू दे, कमी पडले तर?" सगळे त्यांना असूदेसाहेबच म्हणत. तिकडे मालधक्क्यावरचे मास्तर, म्हणजे कुणाला किती डबे द्यायचे ते ठरवणारा माणूस, तेही काही दूधखुळे नव्हते. मागणी आली की डोळे झाकून निम्मी करायचे. कधी निम्म्याचीही निम्मी. मग असूदेसाहेब आणखी वाढवून मागायचे. सगळ्याच कारखान्यांची हीच रीत होती. खरा आकडा कुणी सांगत नव्हतं आणि खरा धरतही नव्हतं.

कारखान्याचे मालक या लपंडावाला विटले होते. त्यांनी वहिनीला स्पष्ट सांगितलं, "बंदरावर जहाज लागतंय. हा माल त्या जहाजावर रेल्वेने चढला, तर साइडिंग ठेवतो. नाही चढला, तर रूळ उखडून तिथे ट्रकसाठी शेड बांधतो." हा कारखाना वहिनीचं सगळ्यात मोठं काम. तो गेला, की टायरच्या दुकानावरची खोलीही गेली. मी मात्र खुशीत होतो, खोटं कशाला बोलू? दोन नवे ट्रक मी बघूनही आलो होतो.

वहिनी मास्तरांकडे गेली. "आजपासून आम्ही मागू तेवढीच आमची गरज. तुम्ही निम्मं करायचं नाही." मास्तर हसले. "बाई, असं सगळेच सांगतात." वहिनी म्हणाली, "एक डबा जास्तीचा निघाला, तर पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका."

आणि चक्क जमलं की हो. आठवड्यामागून आठवडे जेवढे मागितले तेवढे डबे येऊ लागले, आले की भरले जाऊ लागले, भरले की निघू लागले. वहिनी फळ्यासमोर उभी राहून शीळ घालायची.

जहाजाच्या मालाचा दिवस आला. गाडी चुकलीच, तर हाताशी असावेत म्हणून मालकांनी माझे ट्रक फाटकाशी बोलावून ठेवले होते. मी सकाळी पोचलो आणि बघतच राहिलो. साइडिंग डब्यांनी गच्च भरलेलं. आत, पार भिंतीपाशी, आदल्या दिवशी भरायला घेतलेले डबे. आणि त्यांच्यापुढे, बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर, तितकेच रिकामे डबे. नुकतेच येऊन ठाकलेले.

वहिनीने असूदेसाहेबांकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, "एवढं मोठं जहाज, बाई. मला झोप लागेना. तुम्हाला न सांगता दुप्पट मागितले. वाटलं, एवढा मोठा आकडा बघून तरी निम्मे करतील." पण मास्तरांनी निम्मे केले नव्हते. बाईंचा शब्द म्हणून सगळेच्या सगळे पाठवले होते.

"बाई, रेल्वेनेच चुकून जास्त पाठवले म्हणू," असूदेसाहेब काकुळतीला आले. "त्यांच्याकडे होतातच चुका. आपली सुटका होईल."

आता मी काही साधुसंत नाही. मीही म्हणालो, "वहिनी, म्हण ना तसं."

तिने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी दोन पावलं मागे सरकलो. मग मास्तरांना फोन लावला. "मास्तर, आमच्याकडे गरजेच्या दुप्पट डबे आलेत. तुमची चूक नाही. आम्हीच जास्त मागितले. माझा शब्द मोडला."

मी फोनजवळ कान नेला.

"बाई," मास्तर म्हणाले, "डबे कमी आले म्हणून मला रोज शिव्या खाव्या लागतात. जास्त आले म्हणून फोन आजच आला. बोला, काय करायचं?"

वहिनीचं ठरलेलंच होतं. रस्त्यापलीकडे पुठ्ठ्याचा कारखाना. त्यांचं साइडिंग ओस पडलेलं आणि डब्यांसाठी त्यांची रोजची रडारड. इंजिन दुपारी आलं की आधी रिकामे डबे ओढून तिकडे ढकलायचे, मग परत येऊन भरलेले न्यायचे. संध्याकाळच्या प्रवासी गाडीआधी मुख्य मार्ग सोडायचा. मास्तरांनी होकार दिला. पुठ्ठेवाल्यांना मात्र पटेना. "न मागता डबे? तुमचा काय फायदा यात?" वहिनी फोनवर ओरडली, "फायदा नंतर मोजा, आधी फाटक उघडा!"

त्यानंतर जी धावपळ झाली, तशी मजा मला उभ्या आयुष्यात आली नाही. इंजिन आलं. वहिनी हातात हिरवा रुमाल घेऊन रुळाकडेने चालत, धापा टाकत, ड्रायव्हरला सांगत होती. रिकामे डबे खडखडत बाहेर निघाले, रस्ता ओलांडून पुठ्ठ्याच्या आवारात शिरले. तिथली माणसं हरखून टाळ्या पिटत होती. इकडे भरलेल्यांपैकी शेवटचे काही डबे अजून अर्धेच भरलेले आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण सकाळपासून सगळे हमाल गोंधळ बघत उभे होते. मी फाटकाकडे धावलो. माझे ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत पत्ते कुटत बसले होते. "उठा रे, पोती उचला!" म्हणालो. आणि मीही पाठीवर पोतं घेतलं. असूदेसाहेब शर्टाच्या बाह्या सारून आमच्या रांगेत. पावडरीने सगळे भुतासारखे पांढरे. मालक येऊन बघतात, तर कोण साहेब आणि कोण हमाल ते त्यांना ओळखू येईना.

शेवटच्या डब्याचं दार बंद झालं तेव्हा मास्तरांचा फोन आला. मार्ग मोकळा होता. आणि पुढच्या आठवड्याला किती डबे हवेत, तेही त्यांनी विचारलं. वहिनीने फोन असूदेसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी आकडा सांगितला, खराखुरा आकडा, आणि कानाला फोन दाबून उभे राहिले. मास्तर म्हणाले, "ठीक आहे, तेवढे पाठवतो." वहिनी पोत्यांच्या थप्पीवर मटकन बसली आणि रडायला लागली. रडता रडता हसत होती.

इंजिनाने शिट्टी दिली. मालक वहिनीला म्हणाले, "रूळ राहतील." गाडी हलली. मला काय झालं कोण जाणे, मी गाडीबरोबर धावायला लागलो, दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत.

माझा जुना ड्रायव्हर घाम पुसत मागून आला. "मालक, म्हणजे हे गिऱ्हाईक आपल्या हातचं गेलं ना?"

"गेलं," मी म्हणालो, आणि दोन्ही हात हलवत राहिलो.