बाबांच्या उशाशी ठेवलेलं बटन

आई गेल्यावर बाबांना मी कोराडीहून बेसाला माझ्या घरी आणलं. त्यांना दमा. जिना चढवत नाही म्हणून खालची खोली त्यांना दिली. माझं कामाचं टेबल वरच्या मजल्यावर होतं. सकाळी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं, दुपारी घरी येऊन जर्नलं तपासायची आणि दर अर्ध्या तासाने खाली डोकावून यायचं. वरपर्यंत हाक मारण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता. फोनही नको म्हणायचे. "नंबर शोधता शोधताच दम लागते मले."

म्हणून बिनतारी बेल करायची ठरवली. सीताबर्डीच्या बाजारातून स्वस्तातल्या रेडिओ मॉड्यूलची जोडी आणली. एक ट्रान्समीटर बटनापाशी, एक रिसीव्हर बेलपाशी. हेच तर मी वर्गात शिकवते, एका रविवारी होऊन जाईल असं वाटलं. टेबलावर हातभर अंतरावर बेल छान वाजली. बटन खाली नेलं तर काहीच नाही. मध्ये फक्त एक स्लॅब होता. मग दोन्हीकडे सतरा सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून सोल्डर केली, रिसीव्हर जिन्याच्या तोंडाशी टांगला, तेव्हा कुठे वाजली. दर अर्ध्या तासाची खेप सुटली.

पण मग ती कधीही वाजू लागली. मी हातातला पेन टाकून धावत खाली जायची, तर बाबा पेपर वाचत बसलेले.

"काहून वं, अशी धावत काहून आलीस?"

"बेल वाजली ना!"

"मी नाही दाबली."

शेजारच्या गेटचा रिमोट असेल, नाहीतर हवेतली नुसती खरखर. बटनाकडून काही येत नसलं की असे रिसीव्हर हवेत जे मिळेल ते ऐकत बसतात. दिवसातून कितीदा तरी जिना उतरायची. गुडघे बोलायला लागले. एकदा बाबांवरच ओरडले, "नीट आठवा, चुकून हात लागला असेल!" बटन उशीपासून लांब सरकवून ठेवलं त्यांनी. ते पाहून मला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागायचंही त्राण नव्हतं.

पुढचे दोन आठवडे कॉलेजमधून आल्यावर त्यातच गेले. दोन्ही टोकांना प्रोग्रॅम टाकायचे छोटे बोर्ड जोडले. बटन दाबलं की ठरलेला आकडा तीनदा जाणार, आणि तोच आकडा आला तरच बेल वाजणार. मुद्दाम एक सबंध रविवार बटनाची बॅटरी काढून ठेवली. बेल एकदाही वाजली नाही. खोट्या हाका संपल्या होत्या.

सोमवारी दुपारी बेल वाजली. मी खाली गेले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. मी नाही दाबली."

मंगळवारी तेच. बुधवारी दोनदा. त्या दुसऱ्या वेळी मी त्यांच्या पलंगावर बसले. रागवायचं ठरवून आले होते, पण थकून गेले होते.

"बाबा, आता ती आपोआप वाजत नाही. तुम्ही दाबल्याशिवाय नाहीच वाजत."

"आधी तू खरंच उगाच येत होतीस," ते म्हणाले. "दिवसातून आठ-दहा खेपा. बरं वाटे मले. मग एकदम बंद झालं तुझं येणं."

दोन आठवडे खपून मी नेमकं तेच दुरुस्त केलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबल खाली आणलं. त्यांना सोल्डरचा धूर सोसत नाही, त्यामुळे मॉड्यूलं आणि तारा वरच राहिल्या. आता मी त्यांच्या खोलीत बसून फक्त जर्नलं तपासते. बाबा पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचतात, मध्येच थांबून दम घेतात आणि विचारतात, "ऐकून राहिली ना वं?"

"हो बाबा," मी म्हणते, आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेते.