चितेगावच्या तळ्यावर आवाज बंद

पत्रकारांकडे किस्से साठतात ते छापता येत नाहीत म्हणून. पक्षी बघणाऱ्यांकडे साठतात ते बोलता येत नाही म्हणून. सकाळभर तळ्याकाठी तोंड शिवून बसायचं आणि टपरीवर चहाचा कप हातात आला की सगळ्यांनी एकदम सुटायचं.

कॉलेजात मला हा नाद होता. मग नोकरी लागली आणि उरलेली हयात पुढाऱ्यांचं निरीक्षण करण्यात गेली. ते काही स्थलांतर करत नाहीत, केलं तर फक्त पक्षांतर! रिटायर झालो तेव्हा जुनी दुर्बीण पुसली आणि एका रविवारच्या गटात घुसलो.

गटाच्या प्रमुख मंदाताई, जीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. गाडी त्यांची, नियमही त्यांचा, आणि तो एकच: तळ्यावर आवाज नाही. पत्रकार परिषदांत जन्मभर ओरडून प्रश्न विचारलेल्या माणसाला ही सरळ सेन्सॉरशिप होती.

* * *

पहिल्याच रविवारी बाभळीवर एक पक्षी दिसला. मंदाताई हळूच म्हणाल्या, "शिक्रा."

मी म्हणालो, "कशावरून? सोर्स काय?"

त्यांनी दुर्बिणीतून डोळाही काढला नाही. "तो समोरच बसलाय. त्यालाच विचारा."

विचारायला मी उभा राहिलो आणि तो उडाला. प्रतिक्रिया द्यायला नकार दिला, असं आमच्याकडे छापतात.

* * *

हिवाळ्यात चक्रवाक बदकांची जोडी आली. मी तिथूनच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "तळ्यावर चक्रवाकांची धडक, परिसरात खळबळ."

खाली मंदाताईंचं उत्तर आलं, "दोघं झोपलेत."

* * *

आमचे शफीकभाई घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान मुलाकडे आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते पहिल्यांदा तळ्यावर आले. तारेवर खंड्या बसला होता. शफीकभाई त्याच्याकडे बघतच राहिले.

"मियाँ," ते माझ्या कानात म्हणाले, "ये तो नीला है."

"निळाच असतो तो, शफीकभाई."

"इत्ते साल मैं इसको कव्वे का रिश्तेदार समझ रा था. माफी मांगना पडेगा."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. मंदाताई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मी मात्र मोठ्यानं हसलो. खंड्या गेला. पहिली वॉर्निंग मला त्या दिवशी मिळाली.

* * *

दुसरी वॉर्निंग एका प्री-वेडिंग शूटमुळे मिळाली. नवरा-नवरी तळ्यात पाय सोडून बसलेले आणि फोटोग्राफर रंगीत धूर सोडतोय. माझं डोकं फिरलं. मी तिथं जाऊन परवानगी, पर्यावरण, नागरिकांची जबाबदारी, सगळं ऐकवलं, तेही अग्रलेखाच्या आवाजात. तळ्यावरची सगळी बदकं एकदम उठली आणि जोडप्याच्या डोक्यावरून गेली.

फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, असा शॉट पैसे देऊन मिळत नाय. पुढच्या रविवारी येता का?"

गाडीत मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "पत्रकारसाहेब, आता आवाज निघाला तर गाडी तुमच्या दारात थांबणार नाही."

रात्री मला जेवण गेलं नाही. दुर्बीण दुसरी मिळेल, असा रविवार दुसरा मिळणार नाही.

* * *

बायकोनं परस्पर मंदाताईंना फोन केला. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो.

"ताई, त्यांना काढू नका हो. माणूस आतून बदललाय."

तिकडून काहीतरी विचारलं असावं.

"छे, ते कुठं बदलतायत. पण रविवारची सकाळ ही माझी हक्काची रजा आहे."

* * *

उन्हाळ्यात पाणी आटलं. उघड्या पडलेल्या खडकाळ काठावर एक टिटवी नुसत्या खड्यांतच अंड्यांवर बसली. आम्ही लांब झुडपाआड होतो. तेवढ्यात मलब्यानं भरलेला एक टिप्पर आला आणि रिव्हर्स घेत नेमका तिच्या दिशेनं सरकू लागला.

मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो. टिप्परच्या मागं जाऊन दोन्ही हात आडवे केले. आरशात मी दिसलो असेन, गाडी थांबली. शिव्या ओठावर आल्या होत्या. पण ओरडलो असतो तर ती उठली असती आणि अंडी त्या उन्हात भाजली असती. माझा रविवारही गेला असता.

मी खिडकीखाली जाऊन कुजबुजलो, "इथं टाकू नका."

ड्रायव्हर पाचोडकडचा. त्यानं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून ओरडला, "काय? आवाज बसला व्हय काका?"

मी बोट दाखवलं. "टिटवी. अंड्यांवर आहे."

तो वाकून बघत राहिला. मग त्याचाही आवाज उतरला. "लई जवळ आलो की राव." दार न आपटता खाली उतरला आणि त्यानं स्पीकरवर मालकाला फोन लावला. मालक शहरात, गुलमंडीतल्या ऑफिसात होता.

"मालक, हितं नाय टाकता येत."

फोन गरजला, "कोण अडवतंय? नाव सांग त्याचं!"

"टिटवी," ड्रायव्हर कुजबुजला. "अंड्यावर बसलीय. हळू बोला."

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे होतो.

मग गुलमंडीतून, अगदी दबक्या आवाजात, मालकानं विचारलं, "कधी उठंल ती?"