प्रत्येकाला नवं पत्र

बसस्टँडजवळच्या माझ्या नेट कॅफेत ती दर शनिवारी पिशोर गावाहून यायची. क्षारपड जमिनीवर पीएचडी केलेली ती युरोपातल्या विद्यापीठांत संशोधनाची नोकरी शोधत होती. प्रत्येक प्राध्यापकाला ती नवं पत्र लिहायची. मी एकदा म्हणालो, "मॅडम, एकच पत्र सगळ्यांना पाठवा की."

"नाय हो भाऊ. ज्यांचं काम वाचलं नाय, त्यांच्याकडं काम कसं मागू?"

एकदा नेदरलँड्सहून नकार आला. तिनं तिथल्या प्राध्यापकांनाच उलट लिहून विचारलं, मी कुठं कमी पडले? त्यांनी सांगितलं. वर्षभर ती तेवढंच शिकली आणि तिनं पुन्हा तिथंच अर्ज केला.

तिथून निवडीचं पत्र आलं तेव्हा मीच ओरडलो. तिनं ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि विचारलं, "भाऊ, शहागंजच्या बाजारात लोकरीचा कोट मिळंल का?"