मावशींचं शून्य

उरणजवळच्या एका गोदामात ऑफिसचं सगळं मी बघतो. गेल्या वर्षी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं: प्रत्येक माणूस घरून कामाला कसा येतो, किती किलोमीटर, कुठल्या इंधनावर, सगळं लिहून पाठवा. कंपनीपायी हवेत किती धूर जातो, त्याचा अहवाल करायचा होता. माझ्या नाकी नऊ आले. निम्म्या लोकांना वाटलं पेट्रोलचे पैसे मिळणार, त्यांनी पाचाचे पंधरा किलोमीटर केले.

कॅन्टीनमधल्या मावशींचा फॉर्म मीच भरला. मिठागरांच्या पलीकडे त्यांचं गाव. कशा येता म्हणून विचारलं, तर चालत. धूर शून्य! अख्ख्या गोदामात त्या एकट्याच. मुख्य ऑफिस खूश झालं, अहवालात त्यांचा फोटो छापायचं ठरलं.

फोटो काढायला गेलो, तर मावशी गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या. जरा हसा म्हटलं, तर हसल्या नाहीत.

"दादा, मी काय हौसेनं चालते व्हय? कंपनीची गाडी आमच्या गावात येत न्हाय, म्हनून चालते."

मला एकदम आठवलं. आदल्या पावसाळ्यात त्यांनी मलाच सांगितलं होतं, बस गावात वळवा. बांधावरून पाय घसरतो, रस्त्यानं यावं तर कंटेनरवाले अंगावर येतात. बघतो म्हणालो आणि साफ विसरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो मात्र काढलाच.

त्याच दिवशी वर मेल टाकला. उत्तर आलं, बस जादा फिरवली तर अहवालातला आकडा वाढेल, सध्या नको. माझं डोकंच फिरलं. बाईनं गुडघे झिजवायचे, तेव्हा कुठे यांचा आकडा खाली राहणार, आणि वर फोटो तिचाच! पण दुसऱ्याला नावं ठेवायला मी तरी कुठला साव? मी रोज त्यांच्या फाट्यावरूनच येतो, हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मावशी माझ्या स्कूटरवर मागे बसून येतात. पहिले काही दिवस माझा शर्ट घट्ट धरून होत्या. आता वाटभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतात.

यंदा पुन्हा फॉर्म आले. मावशींच्या नावापुढे खरं तेच लिहिलं: स्कूटर. लगेच मुख्य ऑफिसातून फोन. त्या फोटोतल्या बाईंचं शून्य कुठे गेलं, काही चूक झाली का?

"चूक गेल्या वर्षी झाली होती," मी म्हणालो. "बस अजून त्यांच्या गावात येत नाही, तेवढं अहवालात छापा."